बालगटाला इमारत लागत नाही, अंगण लागतं

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं. वस्तीवरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा या दोघींनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडीची कल्पना तिथलीच!

मग आपल्या शहरातल्या सिडको-हडकोत, गारखेड्यात कॉलनीच्या ओट्यावर किंवा मंदिराच्या मंडपात लहान मुलांचा असा बालगट चालवणं आपल्याला का जमू नये?

नवं मूल रडणारच. ‘शहाणं बाळ रडत नाही’ असं म्हणू नका. आईला किंवा आजीला पहिले काही दिवस तिथेच बसू द्या. मूल आधी मांडीवरून बघेल, मग हळूच वाळूच्या घमेल्याकडे सरकेल. त्याला ओढू नका. खेळणी महागडी नकोत: जुनी भांडी, डबे, झाकणं, कापडाचे तुकडे पुरतात. तीन वर्षांखालचं मूल असेल तर चिंचोके, मणी मात्र लांबच ठेवा.

आपल्या शहरात घराघरांत मराठी, हिंदी, उर्दू बोलतात. मूल ज्या भाषेत पाणी मागेल, त्याच भाषेत त्याला उत्तर द्या. एबीसीडीची घाई तर नकोच. उन्हाळ्यात नऊच्या आत आटोपा.

शेजारच्या दोन-तीन आयांशी आजच बोला, रविवारी सतरंजी टाका!