बर्गंडीची गोगलगाय

फ्रान्समधील बर्गंडी प्रांताचें नांव मिळालेली ही गोगलगाय चुनखडीच्या जमिनींत राहते. शंख बांधावयास तिला चुना लागतो. हिंवाळ्यांत ती मातींत शिरते व चुन्याच्या झांकणानें शंखाचें दार लावून घेते. अशी बंद गोगलगाय आधींच उपाशी असल्यानें खवय्यांस विशेष प्रिय. इतर वेळीं पकडलेलीस कांहीं दिवस उपाशी ठेवून पोट साफ करावें लागतें. मग ती उकडून, लसूण व पार्सलीचा पाला घातलेलें लोणी भरून शंखांतच भाजतात. चवीचें बरेंचसें श्रेय लोण्याचेंच!

परंतु तिला वाढावयास दोन ते पांच वर्षें लागतात. पाळणें परवडत नाहीं, रानांतूनच वेंचावी लागते. म्हणून फ्रान्समध्यें १९७९ पासून १ एप्रिल ते ३० जून या विणीच्या काळांत वेंचणीस बंदी आहे. ३ सेंटिमीटरांहून लहान शंख तर केव्हांहि उचलतां येत नाहीं. फ्रेंच ताटांतील बहुतेक गोगलगायी आतां पूर्व युरोपांतून येतात.