पिंगुळीच्या खळ्यातून मृगातला तेजोमेघ

कोकणातून आकाशाचे फोटो? हो, होतात! मृगातला तेजोमेघ, एम 42, सुमारे 1,340 प्रकाशवर्षं दूर. पिंगुळी 16 अक्षांशावर, त्यामुळे तो इथे जवळपास 68 अंश वर चढतो, माडांच्या झावळ्यांच्याही वर. जानेवारीच्या मध्यावर रात्री साडेदहाच्या सुमारास बघा.

खरा त्रास दमट हवेचा. कुडाळकडचा उजेड तीत पसरतो आणि आकाश राखाडी दिसतं. वर दव! लेन्सची काच उघड्या आकाशाखाली हवेपेक्षाही थंड होते, तिच्यावर बारीक थेंब धरतात आणि तारे फुगीर, दुधाळ दिसू लागतात. पुसत बसू नका, डाग राहतात. पॉवर बँकेवर चालणारी गरम पट्टी लेन्सभोवती आधीच गुंडाळा.

साधा डीएसएलआर, 50 मिमी लेन्स, ट्रायपॉड पुरे. प्रत्येक फोटो 4-5 सेकंदांचाच, नाहीतर ताऱ्यांच्या रेघा होतात. असे 100 फोटो ‘सिरिल’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक रचले, की दाणेदारपणा साधारण दहापट कमी होतो. कॅमेऱ्यातला फिल्टर हायड्रोजनचा लाल प्रकाश बराच अडवतो, म्हणून लाली फिकी येते. माझ्या मते तरीही फोटो सुंदरच!

अमावस्येच्या आसपास खळ्यातला दिवा मालवा, करून बघा आणि फोटो इथे टाका.