रिचमंडच्या घळीतील जेनेट

अमेरिकेतील इंडियाना राज्याच्या पूर्व टोकाला, ओहायोच्या सीमेजवळ वसलेल्या रिचमंड शहरातून व्हाइटवॉटर नदी वाहते, आणि तिच्या खोल घळीत एकेकाळी स्टार पियानो कंपनीचा विस्तीर्ण कारखाना होता. कंपनीचे मालक असलेल्या जेनेट कुटुंबाने पहिल्या महायुद्धाच्या काळात पियानोच्या जोडीने ग्रामोफोनच्या तबकड्या काढण्यास आरंभ केला व १९१७ पासून त्यांवर स्वतःचेच नाव छापले. ध्वनिखाच आडव्या नागमोडी वळणाने कोरण्याच्या पद्धतीवर व्हिक्टर ही बलाढ्य कंपनी एकस्वाचा, म्हणजे पेटंटचा, हक्क सांगत असे. तो दावा जेनेटने न्यायालयात मोडून काढल्यामुळे इतर लहान उत्पादकांचाही मार्ग मोकळा झाला.

कारखान्याच्या आवारातील ध्वनिमुद्रणगृह मात्र अगदीच साधे होते. मायक्रोफोन वापरात येण्यापूर्वीच्या त्या काळात वादक एका मोठ्या कर्ण्यासमोर दाटीने उभे राहत, कर्ण्याच्या निमुळत्या टोकाशी जोडलेली सुई नादाच्या कंपनांनी मेणाच्या तबकडीवर खाच कोरी, आणि त्या मेणावरून घडवलेल्या धातूच्या साच्याने लाखेच्या मिश्रणाच्या प्रती दाबून काढल्या जात. ही लाख जगभर मुख्यतः हिंदुस्थानातूनच जात असे. भिंतींना जाड पडदे लावलेले असले, तरी लगतच्या रुळांवरून आगगाडी गेली की काम थांबवावे लागे. एप्रिल १९२३ मध्ये किंग ऑलिव्हरच्या जॅझ वाद्यवृंदाबरोबर कॉर्नेटवादक लुई आर्मस्ट्राँगचे पहिले ध्वनिमुद्रण येथेच झाले, आणि त्याच्या कॉर्नेटचा नाद इतरांना झाकून टाकी म्हणून त्याला कर्ण्यापासून बराच दूर उभे केले होते, असे सांगितले जाते. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये कृष्णवर्णीय पियानोवादक जेली रोल मॉर्टन न्यू ऑर्लीन्स ऱ्हिदम किंग्ज या गोऱ्या वादकांच्या संचाबरोबर वाजवून गेला. वर्णभेद कडक असलेल्या त्या काळात असे एकत्र वादन तबकडीवर येणे दुर्मीळच होते.

अशा ध्वनिमुद्रणांमुळे मिळालेल्या कीर्तीमागे जेनेट कुटुंबाची कलादृष्टी शोधणे व्यर्थ आहे, कारण त्यांचा खाक्या मिळेल ते काम घेण्याचा होता. सिअर्ससारख्या टपालाने माल विकणाऱ्या पेढीसाठी त्यांनी निराळ्या नावांच्या तबकड्या काढल्या, तसेच पैसे मोजणाऱ्या खासगी गिऱ्हाइकाला त्याचे गाणे किंवा भाषण मुद्रित करून प्रतीही दिल्या. अशा गिऱ्हाइकांत इंडियानात तेव्हा प्रबळ असलेल्या कु क्लक्स क्लॅन या वर्णद्वेष्ट्या संघटनेची मंडळीही होती. कृष्णवर्णीय वादकांचा जॅझ आणि त्यांच्या द्वेष्ट्यांची गाणी एकाच कारखान्यातून बाहेर पडत होती. १९२९ मध्ये पॅरामाउंट कंपनीसाठी ब्लूज गायक चार्ली पॅटन येथे गाऊन गेला, तेही असेच बाहेरचे काम होते.

महामंदीत तबकड्यांचा खप कोसळल्यावर जेनेट हे नाव बाजारातून उठले, चॅम्पियन ही स्वस्त मालिका १९३४ पर्यंत तग धरून राहिली, आणि १९५२ मध्ये पियानो कंपनीही बंद पडली. कारखान्याच्या बहुतेक इमारती पुढे पाडण्यात आल्या असल्या, तरी त्यांतील एका इमारतीचा अवशेष घळीत अद्याप उभा आहे; शिवाय २००७ पासून तेथे कलावंतांच्या स्मरणार्थ तबकडीच्या आकाराची मोझेक स्मृतिचिन्हे बसवलेला पदपथ असून, त्यात आर्मस्ट्राँग व मॉर्टन यांना स्थान मिळाले आहे.