द्राक्षगर्भानंतरचा कर्करोग : रिपोर्ट शून्यावर येईपर्यंत थांबू नका

पाळी चुकते, उलट्या होतात, घरात आनंद होतो. पण सोनोग्राफीत बाळाऐवजी द्राक्षांच्या घडासारखे फोड दिसतात. हाच द्राक्षगर्भ. डॉक्टर पिशवी साफ करतात आणि बहुतेक भगिनी बऱ्या होतात. काही जणींच्या शरीरात मात्र वारेच्या पेशी उरतात, वाढतात व त्यातून कोरिओकार्सिनोमा हा कर्करोग होऊ शकतो. गर्भपातानंतर किंवा साध्या बाळंतपणानंतरही तो होतो. हा आजार दुर्मीळ आहे, पण फुफ्फुसांत व मेंदूत फार लवकर पसरतो.

लक्षणे : अंगावरून वरचेवर रक्त जाणे, खोकल्यातून रक्त, दम लागणे, सतत डोकेदुखी, फिट येणे. याला बाहेरची बाधा समजून कौल लावण्यात दिवस घालवू नका.

तपासणी सोपी आहे. गरोदरपणात वाढणारे एचसीजी रक्तात मोजतात. द्राक्षगर्भ साफ केल्यावर ते आकडा शून्याच्या पातळीवर येईपर्यंत दर आठवड्याला आणि नंतरही डॉक्टर सांगतील तितके महिने मोजायचे. या काळात पुन्हा दिवस जाऊ देऊ नयेत.

कर्करोग झालाच तर तो औषधाने बरा होतो. 1956 साली अमेरिकेत डॉ. मिन चिऊ ली व डॉ. रॉय हर्ट्झ यांनी मेथोट्रेक्सेट वापरून हे दाखवले. गाठी दिसेनाशा झाल्यावरही एचसीजी शून्य होईपर्यंत औषध द्यायचे, हा डॉ. लींचा आग्रह. त्यापायी त्यांची नोकरी गेली. पुढे तेच बरोबर ठरले. आज सुरुवातीच्या अवस्थेत जवळजवळ सर्व रुग्ण बरे होतात. आजार पसरला असल्यास अनेक औषधे एकत्र देतात. तरीही बहुतेक वाचतात. बऱ्याचदा पिशवी काढावी लागत नाही, पुढे मूलही होऊ शकते.

वालावलहून आधी कुडाळ किंवा ओरोसचे जिल्हा रुग्णालय गाठा. पुढे परळच्या टाटा रुग्णालयात जावे लागले, तर कुडाळहून दादरला रेल्वे आहे. दादरला रुग्णांसाठी गाडगे महाराज धर्मशाळाही आहे. रेशनकार्ड व आधारकार्ड सोबत ठेवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची माहिती रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे विचारा.

बरे वाटू लागले की मजुरी बुडते म्हणून खेपा बंद होतात. घरच्यांनो, तिला त्या खेपा चुकवू देऊ नका.