एक लिटर तेलाचा प्रयोग

मुंबई-आग्रा मार्गावरील आमचे सोनगीर तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी खानदेश मुलखात विख्यात असले, तरी घरगुती बायोडिझेलच्या प्रयोगात ही भांडी सर्वथा वर्ज्य समजावीत. कारण कॉस्टिक सोडा पितळेतील जस्तास खातो आणि तांब्याच्या सान्निध्यात तयार इंधन लवकर बिघडते. काच अथवा स्टेनलेस स्टील हेच योग्य पात्र.

1900 सालच्या पॅरिस प्रदर्शनात भुईमुगाच्या तेलावर डिझेल इंजिन चालले होते. तथापि आजच्या इंजिनास तसे दाट तेल मानवत नाही, म्हणून त्याची दाटी घालवण्याची क्रिया प्रथम अल्प प्रमाणावर साधावी, हेच श्रेयस्कर.

एक लिटर ताज्या, निर्जल शेंगदाणा तेलास 200 मिलिलिटर मेथॅनॉल व त्यात पूर्ण विरघळवलेला 3.5 ग्रॅम कॉस्टिक सोडा, हा रूढ हिशेब होय. तेल 55 अंशांपर्यंत तापवून, आच दूर केल्यावरच हे मिश्रण त्यात घालावे, झाकलेल्या पात्रात तासभर ढवळावे आणि रात्रभर निवांत ठेवावे. तळाशी बसते ते ग्लिसरीन. तळणीच्या तेलात मुक्त आम्ले वाढलेली असल्याने, त्यांचे मापन करूनच सोड्याचे प्रमाण वाढवावे. करंजतेलात तर आम्ले बहुधा इतकी असतात की नवशिक्याने ते आरंभी घेऊच नये.

वरच्या थराचे 3 मिलिलिटर 27 मिलिलिटर मेथॅनॉलमध्ये हलवून पाहावेत. तळाशी तेल उरल्यास क्रिया अपूर्ण राहिली.

मेथॅनॉल हे विष असून त्याची वाफ ज्वालाग्राही आहे. तेव्हा चष्मा, हातमोजे आणि मोकळी हवा यांची तजवीज झाल्याखेरीज कोणीही या प्रयोगास हात घालू नये, ही कळकळीची विनंती.