कुलाब्याचे ‘अफगाण चर्च’

नाताळनंतर दोनच दिवसांनी, म्हणजे २७ डिसेंबरला, ख्रिस्ती पंचांगात शुभवर्तमानकार संत योहानाचा सण येतो. आपल्याकडे तो फारसा कोणाच्या ध्यानी नसतो. मुंबईत कुलाब्याच्या दक्षिण भागात याच संताच्या नावाने अर्पण केलेले एक देवालय आहे. परंतु मुंबईकर ते ‘अफगाण चर्च’ म्हणूनच ओळखतात. या नावामागील इतिहासाचा एक धागा आपल्या खानदेशापर्यंत येऊन पोहोचतो.

शाह शुजाला काबूलच्या गादीवर बसविण्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीने १८३८ मध्ये मोहीम आखली. मुंबईची फौज जलमार्गे सिंधमध्ये उतरली आणि बोलन खिंडीतून कंदाहारकडे व पुढे गझनीकडे गेली. तिचे सेनापती सर जॉन कीन यांच्या दिमतीस जेम्स औट्रम नावाचा अधिकारी होता. १८२५ मध्ये धरणगावी खानदेशच्या भिल्ल पलटणीची उभारणी करणारा औट्रम तो हाच. तो सुखरूप परतला. हजारो परतले नाहीत. जानेवारी १८४२ मध्ये काबूलहून माघार घेताना सुमारे साडेचार हजार सैनिक व बारा हजार बाजारबुणगे यांची बर्फात वाताहत झाली. ती फौज मुख्यतः बंगालची होती. मुंबईच्या सैनिकांनी सिंधमध्ये आणि अफगाण मुलखात जे प्राण वेचले, त्यांच्या स्मरणार्थ कुलाब्याच्या लष्करी वसाहतीत हे देवालय बांधावयाचे ठरले.

इंग्लंडहून आलेला पहिला आराखडा फार खर्चाचा ठरला. मग मुंबईतीलच अभियंता हेन्री कॉनिबेअर याने नवा आराखडा केला. मुंबईला पाणी पुरविणाऱ्या विहार तलावाची योजनाही याच गृहस्थाची. १८४७ मध्ये पायाभरणी झाली आणि ७ जानेवारी १८५८ रोजी, उत्तरेत बंडाचा वणवा पुरता विझला नसताना, देवालयाचा अर्पणविधी पार पडला.

कॉनिबेअरपुढे आदर्श होता तो तेराव्या शतकातील इंग्लंडच्या ग्रामदेवळांचा. आपल्या मंदिराशी त्याची तुलना केली, तर रचना चटकन उमगते. सभामंडपाच्या जागी लांबट मध्यदालन, त्याच्या दोन्ही अंगांना खांबांच्या ओळींपलीकडे अरुंद पडव्या, आणि गाभाऱ्याच्या जागी पूर्वेकडील वेदीस्थान. भेद आहे तो भार पेलण्याच्या रीतीत. बलसाण्याच्या हेमाडपंती मंदिरात खांबावर आडवी तुळई बसते. येथे दोन खांबांमधून टोकदार कमान उभारते आणि छताचा भार खाली उतरवते. थाळनेरच्या फारुकी कबरी पाहिलेल्यांना टोकदार कमान अपरिचित नाही. मात्र तेथे ती घुमटाखाली स्थिरावते, येथे ती दृष्टीला वर वर नेते.

भिंतींचा पिवळट छटेचा बेसाल्ट मुंबई परिसरातला, जमिनीवरील भौमितिक नक्षीच्या फरशा मात्र इंग्लंडहून आणलेल्या. त्यांची योजना विल्यम बटरफील्ड या वास्तुविशारदाची. पूर्व-पश्चिमेच्या खिडक्यांतील रंगीत काचा विल्यम वेल्सच्या. सुमारे १९८ फूट उंचीचे शिखर १८६५ मध्ये पूर्ण झाले. त्यास सर कावसजी जहांगीर या पारशी दानशूराचाही हातभार लागला. पुढे बंदरात येणाऱ्या जहाजांना ते दुरून दिसणारी खूण झाले.

परंतु सर्वाधिक वेळ थांबावे ते स्मृतिशिलेपाशी. अधिकाऱ्यांची नावे तीवर कोरलेली आहेत. खाली म्हटले आहे की, सिंध व अफगाणिस्तानच्या मोहिमांत तलवारीने वा रोगाने पडलेले हाताखालचे नायक-हवालदार आणि साधे शिपाई यांची संख्या इतकी मोठी, की त्यांची नावे अशी नोंदविणे शक्य नाही. मुंबईच्या फौजेत गोऱ्या पलटणींबरोबर देशी पलटणीही होत्या. त्यांत कोकणातले व देशावरचे मराठे, महार पुष्कळ होते. या ‘साध्या शिपायां’त त्यांची गणना आहे की नाही, हे शिळेवरील मजकूर वेगळे सांगत नाही. असलीच, तर ज्या देवाची त्यांनी कधी प्रार्थना केली नाही, त्याच्या घरी त्यांचे स्मरण होते, आणि तेही नावावाचून. हिशेबनीस कंपनीच्या पगारपत्रकात त्यांची नावे निश्चितच असणार. संगमरवरावर मात्र ती उतरली नाहीत.

हा परिसर आज नौदलाच्या वसाहतीचा आहे, आणि देवालयात अद्यापही उपासना होते.