संकेतस्थळावरील गर्दी आणि सर्व्हरची निवड

६ ऑक्टोबर २०१४ या दिवशी बेंगळुरू येथील फ्लिपकार्ट या कंपनीने संगणकजालावर एक दिवसाची मोठी विक्री योजिली होती. सकाळी विक्री सुरू होताच ग्राहकांचा असा लोंढा लोटला की, अनेकांना संकेतस्थळ उघडेना व अनेकांची मागणी अर्ध्यावरच अडकली. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या संस्थापकांनी ग्राहकांस पत्र लिहून क्षमा मागितली. आपण जवळजवळ ५,००० सर्व्हर सज्ज ठेविले होते व नेहमीच्या २० पट गर्दीची तयारी केली होती; परंतु दिवसाच्या काही वेळी प्रत्यक्ष गर्दी त्याहूनही पुष्कळ अधिक झाली, असे त्यांनी त्या पत्रात नमूद केले.

जेथे कुशल अभियंत्यांची व द्रव्याची वाण नव्हती, तेथे असे घडले. मग एखाद्या शाळेने, ग्रंथालयाने अथवा सार्वजनिक संस्थेने आपल्या गजबजलेल्या संकेतस्थळासाठी जागा निवडावयाची ती कोणत्या हिशेबाने? या प्रश्नाचे उत्तर यंत्राच्या किमतीत किंवा आकारात नाही. ते रांगेच्या गणितात आहे.

सर्व्हर म्हणजे काय?

सर्व्हर हा अहोरात्र चालू राहणारा व जालाशी जोडलेला संगणक होय. आपण संकेतस्थळाचे एखादे पान उघडतो तेव्हा आपला संगणक अथवा दूरध्वनी त्या सर्व्हरकडे मागणी धाडतो. सर्व्हर ती वाचतो, माहिती शोधतो व उत्तर परत पाठवितो. सर्व्हर ठेवण्यासाठी जागा, वीज, थंडावा व जोडणी पुरविणे यालाच व्यवहारात ‘होस्टिंग’ म्हणतात. पोस्टाच्या खिडकीत बसलेला कारकून जसा एकामागून एक माणसाचे काम उरकतो, तद्वतच सर्व्हर मागण्या उरकतो. आणि मागण्या अधिक झाल्या की तेथेही रांग लागते.

सरासरी फसविते

समजा, एका संकेतस्थळाकडे दिवसभरात ८,६४,००० मागण्या येतात. दिवसाचे सेकंद ८६,४००; म्हणजे सरासरीने सेकंदास १० मागण्या झाल्या. सेकंदास १०० मागण्या उरकणारा सर्व्हर घेतला तर तो दसपट मोठा ठरेल व पैसा वाया गेला असे हिशेबतपासनीस म्हणेल.

परंतु माणसे सरासरीने येत नाहीत. ती रात्री निजतात, सायंकाळी एकदम जमतात आणि परीक्षेचा निकाल लागताच एका क्षणी धावतात. दिवसाच्या एकूण मागण्यांपैकी चौथा हिस्सा जर एकाच तासात आला, तर त्या तासात २,१६,००० मागण्या, म्हणजे सेकंदास ६० मागण्या होतात. त्या तासातील एखाद्या मिनिटाला याच्या दुप्पट गर्दी झाली, तर आकडा १२० वर जातो. सरासरीने दसपट वाटलेले यंत्र त्या मिनिटापुरते अपुरे पडते.

त्या एका मिनिटात काय घडते ते पाहू. सेकंदास १२० मागण्या येतात व १०० उरकतात. प्रत्येक सेकंदाला २० मागे राहतात. मिनिटाअखेर १,२०० मागण्या रांगेत उभ्या असतात. गर्दी पुन्हा ६० वर आली तरी ही रांग सेकंदास ४० या गतीनेच ओसरणार, म्हणजे त्यास आणखी अर्धे मिनिट लागणार. येथवर संकट फारसे मोठे नाही. परंतु ताटकळलेला मनुष्य स्वस्थ बसत नाही. पान उघडत नाही असे पाहून तो पुन्हा पुन्हा कळ दाबतो. प्रत्येक दाबण्याबरोबर नवी मागणी निघते, रांग वाढते, आणि रांग वाढली म्हणून अधिक लोक कळ दाबतात. बुडत्याचा पाय खोलात म्हणतात, तशी सर्व्हरची स्थिती होते.

रांगेचे शास्त्र

हा प्रश्न संगणकाहून जुना आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणारा गणितज्ञ ॲग्नर क्रारुप एर्लांग याने १९०९ साली दूरध्वनीच्या मागण्यांवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. शहरातील लोक एकमेकांस न विचारता, वाटेल तेव्हा दूरध्वनी करितात. तरीही त्यांच्या एकत्रित गर्दीला संभाव्यतेचा नियम लागू पडतो, हे त्याने दाखविले. दूरध्वनीच्या वाहतुकीचे एकक पुढे त्याच्याच नावाने ओळखले जाऊ लागले. १९४८ साली बेंगळुरूत इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजची स्थापना झाली व तेथे दूरध्वनी आणि त्यांची स्वयंचलित केंद्रे तयार होऊ लागली. अशा कोणत्याही केंद्राची आखणी करताना, किती ग्राहकांमागे किती मार्ग ठेवावेत, हा एर्लांगचाच प्रश्न सोडवावा लागतो. आज त्याच नगरीतील संगणक-अभियंता सर्व्हरविषयी हाच प्रश्न विचारतो.

या शास्त्राचा एक साधा निष्कर्ष प्रत्येकाने ध्यानी ठेवण्याजोगा आहे. मागण्या स्वैरपणे येतात व प्रत्येकीस लागणारा वेळ कमीअधिक असतो असे धरले, तर सेकंदास १०० मागण्या उरकणाऱ्या यंत्राकडून उत्तर मिळण्यास सरासरी पुढीलप्रमाणे वेळ लागतो. सेकंदास ५० मागण्या असता २० सहस्रांश सेकंद. ८० असता ५०. ९० असता १००. आणि ९९ असता १,०००, म्हणजे पुरा एक सेकंद. ५० वरून ८० पर्यंत भार वाढला तेव्हा वेळ अडीच पट झाला. पण ९० वरून ९९ पर्यंत, केवळ ९ मागण्यांच्या वाढीने, तो दहापट झाला.

यावरून दिसून येईल की, यंत्राचा जो भाग रिकामा दिसतो तो अपव्यय नव्हे. रांग लागू नये म्हणून दिलेली ती किंमत आहे.

बिऱ्हाड कोणते घ्यावे?

सर्व्हरची जागा घेण्याचे प्रकार बिऱ्हाडाच्या दृष्टांताने सहज समजतील. एकाच यंत्रावर अनेक संकेतस्थळे नांदतात तो प्रकार चाळीतील खोलीसारखा: भाडे थोडे, परंतु नळ सामाईक. शेजाऱ्याकडे पाहुणे आले की आपल्या घागरीत पाणी कमी. दुसऱ्या प्रकारात एका यंत्राचे आभासी विभाग पाडून प्रत्येकास ठराविक वाटा देतात. ही स्वतंत्र नळाची सदनिका म्हणावी. तिसऱ्यात संपूर्ण यंत्र आपले. हे स्वतःचे घर. त्यात सत्ता आपली, पण छप्पर गळले तर दुरुस्तीही आपलीच. चौथा प्रकार ‘क्लाउड’ होय. लग्नकार्यात मांडव व भांडी चार दिवसांपुरती भाड्याने आणतात, तसे येथे गर्दीच्या वेळी यंत्रे वाढविता येतात व नंतर परत करिता येतात. मात्र भाडे वापरावर आकारले जाते; म्हणून खर्चाची मर्यादा आधीच बांधून न घेतल्यास महिन्याअखेर डोळे पांढरे होण्याचा संभव असतो.

यंत्रे वाढविली म्हणजे सर्व काही साधते असेही नाही. दहा खिडक्या उघडल्या, पण नोंदीची वही एकच असेल, तर दहाही कारकून त्या वहीपाशी खोळंबतील. संकेतस्थळाची ही वही म्हणजे त्याचा माहितीसंग्रह. यावर उपाय असा की, सर्वांना एकच उत्तर द्यावयाचे असेल तेथे त्याची तयार प्रत बाहेर ठेवावी. शाळेत निकालाचा तक्ता फलकावर लावला की प्रत्येकाला कचेरीत यावे लागत नाही, तसेच हे. आपल्या उदाहरणातील १२० मागण्यांपैकी तीन चतुर्थांश अशा प्रतीवरून भागल्या, तर मूळ यंत्रापर्यंत ३० च पोहोचतात. नवी नोंद करणाऱ्या मागण्यांस मात्र वहीपर्यंत जावेच लागते. म्हणून आपल्याकडे येणारे लोक वाचणारे किती व लिहिणारे किती, हे आधी मोजावे.

अंतर आणि आग

जागा कोठे आहे यालाही महत्त्व आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदास सुमारे दोन लक्ष किलोमीटर जातो. बेंगळुरू ते मुंबई हे सरळ अंतर सुमारे ८४० किलोमीटर. जाऊन येण्यास ८ ते ९ सहस्रांश सेकंद पुरेत. कॅलिफोर्निया सुमारे १४,००० किलोमीटरवर. तेथे जाऊन येण्यास निदान १४० सहस्रांश सेकंद हवेत, आणि पान दिसण्यापूर्वी अशा अनेक खेपा होतात. हा विलंब यंत्र कितीही वेगवान घेतले तरी टळत नाही.

१० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबूर्ग येथे ओव्हीएच या कंपनीच्या डेटा केंद्रास आग लागली व एक इमारत पूर्णपणे नष्ट झाली. प्राणहानी झाली नाही. परंतु ज्यांनी आपल्या माहितीची प्रत अन्यत्र ठेविली नव्हती, त्यांपैकी कित्येकांची माहिती कायमची गेली. एकाच छपराखाली ठेवलेल्या दोन प्रती संकटसमयी एकच ठरतात.

‘९९.९ टक्के सेवा’ या आश्वासनाचाही अर्थ लावून पाहावा. वर्षाचे तास ८,७६०. त्यांचा सहस्रांश म्हणजे पावणेनऊ तासांहून किंचित अधिक. एवढा वेळ सेवा बंद राहिली तरी आश्वासन मोडत नाही; आणि ते तास निकालाच्याच दिवशी येणार नाहीत असे त्यात कोठेही लिहिलेले नसते. याकरिता गर्दीच्या ६० मागण्या वाहण्यास एक यंत्र पुरत असले तरी दोन घ्यावीत. दोघांवर ३०-३० चा भार राहील, व एक बंद पडल्यास दुसरे ६० पेलू शकेल.

सारांश

निवड करणाऱ्याने प्रथम आपली गर्दी मोजावी, आणि तीही दिवसाची नव्हे तर सर्वांत वाईट मिनिटाची. त्या मिनिटालाही यंत्रात काही क्षमता शिल्लक राहील असे पाहावे. वाचणे व लिहिणे यांची वेगवेगळी सोय करावी. जागा वाचकांच्या जवळची घ्यावी. माहितीची एक प्रत दूर, दुसऱ्या गावी ठेवावी आणि ती प्रत परत मांडून खरोखर चालते किंवा नाही याची वरचेवर परीक्षा घ्यावी. एवढे झाल्यावर मग किमतीकडे वळावे.

स्वस्त यंत्र वर्षातील तीनशे चौसष्ट दिवस उत्तम चालते. परंतु संस्थेची पारख उरलेल्या एका दिवशी होते. कारण ज्या दिवशी सर्वाधिक लोक दारी येतात, त्याच दिवशी लोकांना तिची सर्वाधिक गरज असते.